अर्ध्यावर शटर

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. धंदा करणाऱ्या माणसाला आपले विचार कागदावर दिसले पाहिजेत. हे दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे स्वतःशी खोटं बोलण्यात काहीच फायदा नाही.

तर आधी खरं काय ते. नोकरी मी सोडली. म्हणजे आमचं ऑफिस अंधेरीहून पुण्याला हललं आणि मी हललो नाही. न हलणं हासुद्धा एक निर्णयच असतो. समिधा म्हणते, निर्णय कंपनीने घेतला, तुम्ही फक्त मेल वाचलात. समिधा शाळेत शिकवते. नवऱ्याचं वाक्यही लाल पेनने तपासते.

तुळशीराममामाने बेव्हर्ली पार्कमधला त्याचा गाळा मला दिलाय. वर्षभर भाडं नाही. तिथे पूर्वी मामाचं खाचर होतं, लहानपणी मी त्यात खेकडे पकडलेत. आता सात मजली बिल्डिंग आहे, आणि जमिनीच्या बदल्यात बिल्डरने मामाला खाली गाळा दिलाय. मामाची अट एकच. त्याचे शब्द जसेच्या तसे: "परशा, दसऱ्याला शटर उघडला पायजे. न्हाय तं गाला दुसऱ्याला दिला समज."

दसरा २ ऑक्टोबरला. भरपूर वेळ आहे. लोक एका भेटीत लग्न ठरवतात.

प्रश्न एवढाच की धंदा कोणता.

सोमवार, ४ ऑगस्ट

गाळा झाडला. टेबल, खुर्ची, पंखा. शेजारी धर्मेशचं फरसाणचं दुकान. त्याने चहा पाठवला आणि विचारलं, परशुभाई, क्या चालू कर रहे हो? मी म्हटलं, विचार. तो म्हणाला, अच्छा है, इसमें माल नहीं लगता.

शटरचा प्रश्न उभा राहिला. पूर्ण वर केलं तर लोकांना वाटणार दुकान सुरू झालं. ती फसवणूक. पूर्ण खाली ठेवलं तर आत हवा नाही. म्हणून आकड्याच्या सळईने ओढून बरोबर अर्ध्यावर आणलं, कमरेइतकं. प्रामाणिक उंची वाटते.

व्हिजिटिंग कार्डं ऑनलाइन ऑर्डर केली. वर नाव, परशुराम भोईर. खाली प्रोप्रायटर. त्याखाली एक कोरी रेघ. धंद्याचं नाव ठरलं की पेनने भरायचं, म्हणजे कार्डं वाया जाणार नाहीत. चांदणीने डिझाइन बघितलं. अकरावीत आहे, सगळ्यावर मत असतं. म्हणाली, पप्पा, हे वहीच्या लेबलसारखं दिसतंय, इयत्ता आणि तुकडी पण टाका ना.

प्रूफ मागवलंय. रेघ थोडी तिरकी वाटते.

बुधवार, ६ ऑगस्ट

पहिली कल्पना: झेरॉक्स आणि स्टेशनरी. याच रस्त्यावर आधीच तीन आहेत. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? मनाला पटलं नाही. रद्द.

दुसरी कल्पना: पोळी-भाजी केंद्र. समिधाने विचारलं, पोळ्या कोण लाटणार? चर्चा तहकूब.

दुपारी विचारात असताना शटरखालून एक डोकं आलं. मग पोट. पोटाला वेळ लागला. कुरिअरवाला, नाव कुलदीप. म्हणाला, सरजी, बी विंग में कोई नहीं है, वॉचमन लेता नहीं, शाम तक रख लो, मेहरबानी. सोसायटीने वॉचमनला पार्सल घ्यायची बंदी केलीय म्हणे, मागे कोणाचा तरी मिक्सर हरवला म्हणून. ठेवून घेतलं. शेजारधर्म आहे. संध्याकाळी मालक घेऊन गेला, थँक यू अंकल म्हणाला.

अंकल?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सुट्टी घेतली. कशापासून, असं समिधाने विचारलं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

धंदा आपल्या आवडीतून निघत नाही, लोकांच्या गरजेतून निघतो. हे मला आज आंघोळ करताना स्वच्छ कळलं. म्हणून सर्व्हे केला. बिल्डिंगच्या गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं: तुम्हाला इथे कशाची उणीव जाणवते? पर्याय अ, पुस्तकांचं दुकान. ब, घरगुती जेवण. क, योगवर्ग. ड, इतर.

बहुतेकांनी ड म्हटलं आणि सगळे एकच रडगाणं गायले. आम्ही दोघंही नोकरीवर, दिवसा घरी कोणी नसतं, पार्सल परत जातं, कोणी ठेवून घेईल तर उपकार होतील. मी नम्रपणे सांगितलं की हा विषय तुमच्या कमिटीचा आहे, माझ्या सर्व्हेचा नाही. एका बाईंनी तर माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच विचारलं, अंकल, वो नीचे गाले में आप ही बैठते हो ना? मेरा एक कल आनेवाला है.

'इतर'मुळे निष्कर्ष गढूळ होतात. पुढच्या सर्व्हेतून तो पर्याय काढून टाकलाय.

सोमवार, २५ ऑगस्ट

गाळ्यात विचार करणं अवघड होत चाललंय. गणपतीच्या खरेदीमुळे सगळं गाव ऑनलाइन मागवतंय. सकाळी कुलदीप आला, त्याच्या मागून त्याचे दोन मित्र. टेबलाखाली पार्सलं, टेबलावर पार्सलं, खुर्चीवर एक मखर. मी उभ्याने योगवर्गाचा खर्च काढला.

कुलदीप म्हणाला, सरजी, एक बात बोलूँ, बुरा मत मानना, आप हर पार्सल का दस रुपया लो, सब खुशी से देगा. मी त्याला बसवून, म्हणजे मखर बाजूला करून बसवून, समजावलं. आमच्या आजोबांची इथे शेती होती, मिठागर होतं. ज्यांच्या जमिनीवर ही बिल्डिंग उभी आहे, त्यांच्या नातवाने लोकांच्या पिशव्या सांभाळायचे पैसे घ्यायचे? त्याने मान हलवली आणि आणखी चार खोकी आत सरकवली.

स्वतःला विचारलं: हा अहंकार आहे का? बराच विचार केला. नाही, तत्त्व आहे.

कार्डाचं दुसरं प्रूफ आलं. रेघ सरळ झाली, पण आखूड. धंद्याचं नाव मोठं असलं तर? परत पाठवलं.

बुधवार, २७ ऑगस्ट

मामाकडे गणपती. आरतीनंतर सगळ्यांसमोर मामाने विचारलं, काय ठरला? मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. जिजाबाईमामी मोदकाचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "गनपती पन दीड दिवसान येऊन जातो. तुजी परक्रिया कवा उठाची?" सगळे हसले. चांदणी सगळ्यात जास्त.

मामी साठीच्या पुढची आहे. दिवसभर घरात टीव्हीसमोर बसून कंटाळते आणि तो कंटाळा नातेवाइकांवर काढते. मनावर घेतलं नाही.

घेतलं थोडं.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. या दिवसांत नवीन काम सुरू करत नाहीत. माझा स्वतःचा विश्वास नाही. पण गिऱ्हाइकाचा असू शकतो, आणि गिऱ्हाइकाच्या भावनांचा आदर करायलाच हवा. समिधा म्हणाली, कुठलं गिऱ्हाईक? चांदणी म्हणाली, मम्मी, इमॅजिनरी.

मुलीला आपण फार इंग्लिश शिकवलं का, असा प्रश्न पडतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर. रात्री.

पुस्तकं आणि योगवर्ग धरले तर पाचवी कल्पना, आणि ही आतून आलेली: सुकी मच्छी. स्वच्छ पॅकिंग, वास बंद. सकाळी मामीला फोन करून सांगितलं की मी डोंगरीला माहिती काढायला चाललोय, दुपारी गाळ्यात कोणी तरी पार्सलं न्यायला येईल, तेवढं बघशील का. ती म्हणाली, आलूच.

समुद्राकडच्या त्या डोंगरी गावात रस्त्याकडेला सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईंपुढे बसलो. प्रश्न लिहून नेले होते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी विचारलं, घेनार हाय का न्हाय? मी म्हटलं, मी सध्या स्टडी करतोय. त्या म्हणाल्या, मंग घरी नेऊन कर स्टडी. आणि एक मोठी पिशवी भरून माझ्या मांडीवर ठेवली. नाही म्हणणं उद्धट दिसलं असतं.

परतताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. पुढची पण. मागची पण. आमच्या लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या जैन बेन होत्या. नाक धरलं नाही, नुसता श्वास रोखला, सज्जन बाई. त्यांचा रंग बदलायला लागला तेव्हा मीच दुसऱ्या मजल्यावर उतरलो आणि पिशवी घेऊन सातव्यापर्यंत चढलो. चढताना निर्णय झाला. ज्या धंद्यामुळे शेजाऱ्याला श्वास रोखावा लागतो, तो धंदा माझा नाही. रद्द.

बोंबील समिधाने बाल्कनीत ठेवलेत. मी पण तिथेच बसून लिहितोय. आत येऊ नका म्हणालीय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी गाळ्यावर गेलो आणि लांबूनच पाय थांबले. शटर पूर्ण वर. छतापर्यंत. आत मामी माझ्या खुर्चीवर, आणि पार्सलं विंगप्रमाणे भिंतीला लावलेली. पुढे एक स्टीलचा डबा.

मी विचारलं, शटर? म्हणाली, "तुज्या अर्ध्या शटरान वाकून वाकून लोकांच्या कमरा मोडल्या. माना मोडून चोरासारखे येतान." मी विचारलं, डबा? म्हणाली, दहा-दहा रुपये. एका आजोबांचं इन्सुलिन आलं होतं, ते तिने धर्मेशच्या फ्रिजमध्ये ठेवलं, त्याचे वीस.

मी हादरलो. म्हटलं, मामी, अगं आपण कोण? जमीनवाले. ती म्हणाली, "जमीनवाला तुजा मामा. मी मिठागरान डोक्यावर पाट्या वायल्यान, मना कसली लाज?"

यावर मी जे केलं ते योग्य होतं, असं लिहितानाही वाटतं. डबा उचलला आणि पैसे परत करायला घरोघरी गेलो. ए विंगमध्ये एका बाईंनी दार किलकिलं केलं आणि म्हणाल्या, चंदा नहीं देना. मी म्हटलं, मी द्यायला आलोय. त्यांनी वरची कडीपण लावली. बी विंगमधल्या एका तरुणाने दहा रुपये परत घेतले, मग काळजीने विचारलं, अंकल, मतलब कल से नहीं रखोगे? इन्सुलिनवाल्या आजोबांनी वीसची नोट माझ्या खिशात परत कोंबली आणि म्हणाले, वो मौसी को भेजो, तुम मत आओ.

मामीकडून वचन घेतलं की पैसे मागणार नाही. मागणार न्हाय, म्हणाली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मामी रोज येते. मला डबा द्यायला, असं म्हणते. जेवणाचा डबा खुर्चीवर, स्टीलचा डबा टेबलावर. वचन पाळतेय, मागत नाही. नुसती डब्याकडे बघते. लोक आपणच टाकतात.

मी मागच्या कोपऱ्यात स्टूलवर बसतो. तिथे विचार बरे होतात, फक्त मामी मधूनमधून ओरडते, परशा, ते सी विंगच्या चश्मेवालीचा दे रं. देतो. उठ-बस होते, तब्येतीला चांगलं.

आज धर्मेशने विचारलं, परशुभाई, ये पार्सल का काम आप ही क्यों नहीं करते, चलता हुआ धंधा है. मी हसलो. त्याला म्हटलं, धर्मेशभाई, यात कल्पना कुठे आहे? तो म्हणाला, गाठिया में भी कहाँ है. गाठ्यात कल्पना नसेलही. पण मी पदवीधर आहे, मला गाठ्याच्या पुढे जायचंय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कार्डाचं पाचवं प्रूफ मंजूर केलं. रेघ आता हवी तशी. घाई केली असती तर आयुष्यभर तिरकी रेघ वाटत फिरलो असतो. डिलिव्हरीचा पत्ता गाळ्याचा दिलाय.

मामाचा फोन. मामी तुजी तिथं काय करतंय रोज, म्हणून विचारलं. इथे माझी परीक्षा होती. मामीने माझी खुर्ची घेतली, शटर घेतलं, मी तिच्याविरुद्ध बोलू शकलो असतो. पण स्वतःला विचारलं, खरं काय आहे? आणि खरं तेच सांगितलं. वेळेवर येते, एक पार्सल इकडचं तिकडे झालेलं नाही, लोक खूश आहेत, हिशेब चोख आहे. मामा बराच वेळ हं हं करत राहिला.

मला वाटतं, माझा प्रामाणिकपणा त्याला भावला. मुदत वाढवून मागायला ही चांगली भूमिका तयार झाली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मामा गाळ्यावर आला. म्हणाला, परवा दसरा, बोल.

माझी तयारी होती. टाइप केलेला रिपोर्ट वाचून दाखवला. पाच कल्पना, प्रत्येकीच्या बाजूने आणि विरुद्ध, शेवटी निष्पक्ष निष्कर्ष: एकही पूर्णपणे उतरत नाही. म्हणून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वेळ मिळावा, ही विनंती. वाचताना चार वेळा थांबावं लागलं, कारण लोक येत होते आणि मामा त्यांना वाट द्यायला सरकत होता. कुलदीप आला, मामीने त्याला झापलं, "काल ए विंगचा बी विंगान टाकलास, झोपत व्हतास काय?" तो म्हणाला, सॉरी मौसी. मला तो कधी सॉरी म्हणाला नव्हता.

रिपोर्ट संपल्यावर मामाने विचारलं, आन् हा काय चाललाय? मी म्हटलं, ही बाजूची गडबड आहे मामा, हिच्यामुळेच तर माझं मुख्य काम होत नाही.

मामा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी खाचरात खेकडा समजून साप धरला होता, तेव्हा असाच बघत राहिला होता.

मग मामीकडे वळून म्हणाला, जिजे, तुला पायजे काय गाला? मामी म्हणाली, "मंग इतके दिस मी हितं काय हवा खातंय?"

झालं. एवढ्यात. ना सर्व्हे, ना रिपोर्ट. मी पुन्हा एकदा वेळ मागितला. मामा म्हणाला, "येल तुला दिला व्हता परशा. तू तो बसाला वापरलास."

घरी येऊन समिधाला सांगितलं. मला वाटलं, ती बोलेल.  ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि माझ्या एकाच शर्टाची तिने तीनदा घडी घातली. हे लिहायला नको होतं, पण रोजनिशी खरी ठेवायचीय.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ११.

गाळ्याला झेंडूचं तोरण. फ्लेक्सवर लिहिलंय, जिजाबाई पार्सल केंद्र, आणि खाली मामीचा हसरा फोटो. चांदणीने मोबाइलवर बनवला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्षरांचं अंतर सुधारून दिलं असतं. धर्मेशने सगळ्यांना जिलेबी-फाफडा वाटला. शटर मामाने उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक मी. माझी कार्डं काल संध्याकाळी आली होती, ती उचलायला गेलो. मामीने हातावर हात ठेवला. म्हणाली, "भवानी हाय. पैशे." मी म्हटलं, मामी, मी घरचा आहे. म्हणाली, "घरचा हायेस म्हनून तं पयली भवानी तुज्या हातान घेतंय. न्हाय म्हनू नको, दिस खराब जाईल." माझ्याकडे सुटे नव्हते. तिने नोट कपाळाला लावली, डब्यात टाकली आणि दुसऱ्याकडे वळली. बाकीचे मागितले तर म्हणाली, भवानीतून परत देत न्हाईत.

असा नियम खरंच आहे का, हे तपासणार आहे.

छपाई उत्तम. परशुराम भोईर, प्रोप्रायटर, आणि रेघ अगदी सरळ. मामीने एक कार्ड उचललं, उलटं केलं, अंगठा फिरवला. म्हणाली, मागशी कोरा हाय रं! आणि दोन गठ्ठे ठेवून घेतले. चांदणीने पंचने भोकं पाडली, मामीने दोरा ओवला. आता प्रत्येक पार्सलला माझं कार्ड लटकतंय, मागच्या बाजूला पेनने बी-५०३, सी-२०१.

म्हणजे एका अर्थी आज बेव्हर्ली पार्कमधल्या घराघरात माझं नाव पोचलं. याला मार्केटिंगच म्हणतात.

मामी म्हणाली, दुपारी ती झोपते, तेव्हा दोन ते पाच तू बस. समिधा तिथेच होती. फाफडा खाता खाता म्हणाली, बसतील. मी दोघींना स्पष्ट सांगितलं की असा निर्णय घाईत घेणं मला जमणार नाही. दिवाळीपर्यंत कळवतो.

दुपारी २.१०.

गाळ्यात. मामी झोपायला गेली. बसलोय, पण बसलोय म्हणजे होकार दिला असं नाही. फक्त पंख्याखाली शांतपणे विचार करायचाय.

म्हणून शटर जरा अर्ध्यावर घ्यावं म्हणून उठलो. आकड्याची सळई कुठे दिसेना. धर्मेशला विचारलं. म्हणाला, वो तो मौसी साथ में ले गई.